योजना बांधण्यापासून पाणी मोजण्यापर्यंत : महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि लहान शहरांचे पाणी

महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ही संस्था १ जानेवारी १९७७ रोजी ‘महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ’ या नावाने सुरू झाली. १९७६च्या कायद्याने तिला स्वायत्त मंडळाचे रूप दिले आणि १९९७ साली तिला आजचे नाव मिळाले. मंडळ स्थापन होण्यापूर्वी गावा-शहरांच्या नळयोजनांचे काम राज्य सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी यंत्रणेकडे होते. म्हणजे अभियंते होते, आराखडे होते, १९७२च्या दुष्काळाने दाखवून दिलेली निकडही होती. नव्हते ते भांडवल उभे करण्याचे साधन. नगरपालिकेच्या तिजोरीत धरणापासून गावापर्यंत नळ टाकण्याइतका पैसा नसे, आणि सरकारी खात्याला आपल्या नावावर कर्ज काढता येत नसे. कायद्याने उभ्या राहिलेल्या मंडळाला मात्र आयुर्विमा महामंडळासारख्या वित्तसंस्थांच्या कर्जाचा मार्ग मोकळा होता. तामिळनाडूने १९७१ साली, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशाने १९७५ साली अशी मंडळे काढली होती. महाराष्ट्रही त्याच वाटेने गेला. संस्थेची ही वाटचाल तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. लहान शहरांच्या पाण्याचा प्रश्न योजना बांधून अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा पाणी मोजून आणि त्याचा रास्त दर लावूनच सुटतो. हा दुसरा अर्धा भाग संस्थेच्या पदरी उशिरा आला. तो उशिरा का आला आणि आल्यावर त्याने काय शिकवले, हे सांगणे हाच या इतिहासाचा गाभा आहे.

पहिल्या अर्ध्या भागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्याच्या गावी पाणी म्हणजे आड, बारव, नदीपात्रातले झरे आणि उन्हाळ्यात कोरड पडल्यावर बैलगाडीवरचे पिंप. पटकी आणि गॅस्ट्रोच्या साथी पावसाळ्याबरोबर ठरल्यासारख्या येत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर बुडवणाऱ्या माणसांमुळे नारूचा जंत पिढ्यान्पिढ्या फिरत राहिला. सन २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात पायऱ्या बुजवून बंदिस्त केलेल्या विहिरींचा, हातपंपांचा आणि नळांचा वाटा आरोग्यसेवकांच्या वाट्याइतकाच मोठा होता. नदीकाठी पाणी उपसणारी जॅकवेल, तिथून डोंगर चढणारी ऊर्ध्ववाहिनी, तुरटी आणि क्लोरीन देणारे शुद्धीकरण केंद्र, उंच टाकी आणि तिच्यापासून गल्लोगल्ली पसरलेले नळ ही साखळी राज्यभर उभी करणे हे मोठेच काम होते. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून अमरावतीला आणलेले पाणी असो की मेळघाटच्या पायथ्याच्या शहानूर धरणावरून खारपाणपट्ट्यातल्या गावांना दिलेले गोडे पाणी असो, तिथल्या आजच्या पिढीला त्याआधीची स्थिती ऐकूनच माहीत आहे.

तरीही संस्थेच्या घडणीतच एक एकांगीपणा होता. मंडळाचा आस्थापना खर्च कामाच्या रकमेवर मिळणाऱ्या शुल्कातून भागे, आणि या शुल्काचा दर प्रदीर्घ काळ १७.५ टक्के होता. योजना जितकी मोठी, तितके शुल्क मोठे. काम सुरू असेल तोवर उत्पन्न, काम संपले की उत्पन्न बंद. अशा व्यवस्थेत कोणत्याही संस्थेचे लक्ष नव्या बांधकामाकडेच राहणार, यात व्यक्तींचा दोष नाही. शहराचे पाणी कमी पडते अशी तक्रार आली की तिच्यावर ‘स्रोत वाढवा, वाहिनी मोठी करा, टाकी बांधा’ हेच उत्तर निघे. आहे त्या पाण्यातले किती गळते, किती चोरीला जाते, किती फुकट वाहते याचा शोध घेण्याला अंदाजपत्रकात शीर्षकच नव्हते. पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या गृहीत धरून योजना आखली जाई, ती नगरपालिकेच्या ताब्यात दिली जाई, आणि पाच-दहा वर्षांत त्याच शहराचा ‘वाढीव योजने’चा प्रस्ताव येई. लोकसंख्या वाढली हे एक कारण खरे. पण पाणी मुरत होते हे दुसरे कारण प्रस्तावात क्वचितच लिहिलेले असे.

हस्तांतरणानंतर शहरात काय घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पहाटे व्हॉल्व्हमन रस्त्यातल्या चेंबरचे झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हला लावतो आणि एका भागाचे पाणी सोडून दुसऱ्याचे बंद करतो. रिकाम्या नळातली हवा आधी सुसकारत बाहेर पडते, मागून पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी येते. टाकीजवळच्या घरांत नळ धो धो वाहतात. टोकाच्या आणि उंचावरच्या घरांत करंगळीएवढी धार. ती ओढण्यासाठी नळाला थेट मोटार जोडली जाते, आणि शेजाऱ्याने जोडली म्हणून दुसराही जोडतो. नळ रिकामे असताना त्यांच्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरते, कावीळ आणि जुलाबाच्या साथींचे मूळ अनेकदा इथेच सापडते. घराघरांत पिंप, हौद, गच्चीवरच्या टाक्या भरल्या जातात. पुढचे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. एक दिवसाआड पाणी, मग दोन दिवसांआड, मग आठवड्याने, अशी उतरंड मराठवाडा-विदर्भातल्या किती तरी शहरांनी पाहिली आहे. या साऱ्याची आकारणी वर्षाला एक ठरावीक पाणीपट्टी, अशी होते. अर्ध्या इंची नळाला अमुक रुपये. मग त्या नळाने दोन माणसे पाणी पितात की बंगल्याची बाग भिजते, हे पाहायची सोयच नाही.

ठरावीक पाणीपट्टी महाग की स्वस्त हा मुद्दा दुय्यम आहे. खरा मुद्दा हा, की तिच्यामुळे पाण्याची किंमत नगरपालिकेलाही कळत नाही आणि नागरिकालाही. एक साधा हिशेब करू. एक लाख वस्तीच्या शहराला माणशी १३५ लिटर या केंद्रीय मानकाने रोज १ कोटी ३५ लाख लिटर पाणी लागते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंप आणि मोटार मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर, सुमारे ०.४२ युनिट वीज लागते. म्हणजे शंभर मीटरच्या उचलीला रोज साडेपाच हजारांहून अधिक युनिट. आता वाटेत ४० टक्के पाणी हरवते असे धरा. घरात तेवढेच पाणी पोहोचवायला सव्वादोन कोटी लिटर उचलावे लागते आणि वीज साडेनऊ हजार युनिटांच्या घरात जाते. शुद्धीकरणाची तुरटी, क्लोरीन, पंपांची झीज सारे त्याच प्रमाणात वाढते. लहान शहराची पाणीपुरवठ्यातली तूट प्रामुख्याने इथे तयार होते. वीजबिल थकते, जोडणी तोडण्याची नोटीस येते, शासनाकडे धाव घेतली जाते, आणि देखभाल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. देखभाल टळली की गळती वाढते आणि चक्र पुन्हा फिरते. नवे धरण या चक्राला थांबवत नाही. ते फक्त त्यात अधिक पाणी ओतते.

संस्थेला या दुसऱ्या बाजूकडे वळवले ते परिस्थितीने. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा नागरी स्वराज्य संस्थांचा विषय ठरवला. ग्रामीण भागात २०००च्या धोरणाने गावाच्या मागणीवर आणि दहा टक्के लोकवर्गणीवर भर दिला. केंद्राच्या योजनांचा पैसा थेट शहरांकडे जाऊ लागला, आणि शहरांना आपले सल्लागार आपण निवडण्याची मुभा आली. कामे घटली तसे शुल्क आटले आणि संस्थेचे आर्थिक गणित कोलमडले. मात्र काही ठिकाणी प्राधिकरण योजना बांधून थांबलेले नव्हते, ते स्वतः पाणी विकत होते. अमरावती, यवतमाळ, अंबरनाथ-बदलापूर, माथेरान ही त्यांतली ठळक नावे. इथे पाण्याचे बिल वसूल झाले नाही तर तोटा नगरपालिकेच्या नावे टाकता येत नव्हता, तो प्राधिकरणाच्याच वहीत उतरत होता. त्यामुळे इथे नळाला मीटर बसवणे, बंद मीटर बदलणे, वापरानुसार बिल देणे, थकबाकीदाराची जोडणी तोडणे ही नीरस कामे करणे भाग पडले. बांधकाम विभागात ज्यांना फारशी प्रतिष्ठा नव्हती त्या कामांनीच संस्थेला शहाणे केले. या ठिकाणी सारे आलबेल आहे असे नव्हे. तक्रारी आहेत, थकबाकी आहे, जुन्या वाहिन्या फुटतात. पण तूट नेमकी कुठे आहे ते सांगता येते, आणि हे सांगता येणे हीच सुधारणेची पहिली पायरी आहे.

या शिक्षणाचे सर्वांत स्पष्ट फळ कराडलगतच्या मलकापुरात दिसले. ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेल्या या छोट्या शहरासाठी प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी कोयना नदीवरून संपूर्ण गावाला चोवीस तास पाणी देणारी योजना आखली. वितरणाचे जाळे संगणकावर मांडून दाबाचे विभाग ठरवले, टाकीपासून घरापर्यंतच्या जोडण्या बदलल्या, दुरून वाचता येणारी स्वयंचलित मीटरे बसवली आणि टप्पेवारी दर लावले. कमी वापराला कमी दर, आणि वापर जसजसा वाढेल तसतसा वरच्या टप्प्यातल्या प्रत्येक हजार लिटरला चढा दर. चोवीस तास नळ उघडा ठेवायची सोय झाल्यावर लोक पाणी उधळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात वापर उतरला. यात चमत्कार नाही. नळाला हवे तेव्हा पाणी येते म्हटल्यावर साठवण्याची गरज उरत नाही, शिळे पाणी ओतले जात नाही, आणि गळक्या नळाचे पैसे महिन्याच्या बिलात दिसले की तो त्याच आठवड्यात दुरुस्त होतो. केंद्र सरकारने २००८ साली शहरी सेवांची जी मानके ठरवली, त्यांत चोवीस तास पुरवठा, १०० टक्के मीटर, १०० टक्के खर्चवसुली आणि हिशेबाबाहेरचे, म्हणजे उचलले पण बिल न झालेले, पाणी फार तर २० टक्के, ही चार उद्दिष्टे एकत्र सांगितली आहेत. मलकापूरने दाखवले ते हे, की यांतले एक सोडून दुसरे मिळत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप वरवरचे नाहीत. पहिला आक्षेप मीटरविषयी. दोन दिवसांनी तासभर पाणी येते तिथे मीटरचे चाक आधी हवेनेच फिरते आणि गाळाने अडकते. मग लोक बिल कशाचे द्यायचे असे विचारतात. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी शहराचा एक विभाग वेगळा काढायचा, त्याच्या तोंडाशी मोठे मीटर बसवायचे, गळती शोधून दाब कायम ठेवायचा, आणि नंतरच घरगुती मीटर व नवे दर लागू करायचे. अनेक नगरपालिकांनी अनुदान मिळाले म्हणून आधी घरोघर मीटर बसवले, पुरवठा होता तसाच ठेवला, आणि दोन वर्षांत मीटर भंगारात गेले. ती हार मीटरची नव्हती, उलट्या क्रमाची होती.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि मराठी मनाला तो अधिक भिडतो. तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्य, पाणपोई घालणे ही आपली रीत. मग पाण्याला दर कसला? पण पाणपोईच्या रांजणातही कुणी तरी पदरमोड करून पाणी भरत असते. नदीतले पाणी फुकट असते. ते गाळून, शुद्ध करून, शंभर मीटर चढवून दारात आणून देणे फुकट होऊ शकत नाही. प्रश्न इतकाच, की हा खर्च कोणी उचलायचा. ठरावीक पाणीपट्टीत एका खोलीतले कुटुंब आणि बागबगीच्याचा बंगला जवळपास सारखेच पैसे भरतात, म्हणजे गरीब श्रीमंताची बाग शिंपतो. पुरवठा कोलमडला की श्रीमंत कूपनलिका खोदतो, गरीब टँकरच्या रांगेत उभा राहतो किंवा जार विकत घेतो, आणि त्या पाण्याचा लिटरमागचा दर नळाच्या कित्येक पट असतो. टप्पेवारी दरात पिण्या-सांडण्यापुरता पहिला टप्पा जवळजवळ नाममात्र ठेवता येतो आणि त्याची भरपाई वरच्या टप्प्यांतून व व्यापारी जोडण्यांतून करता येते. इथे एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला १३५ लिटरच्या मानकाने महिन्याला सुमारे २० हजार लिटर लागतात. एका नळावर तीन बिऱ्हाडे असलेल्या वाड्याला त्याच टप्प्यात बसवले तर सर्वांत गरिबांना सर्वांत चढा दर लागेल. टप्पा जोडणीमागे नव्हे, कुटुंबामागे मोजला पाहिजे. ज्या शहरांनी हे टाळले तिथे दरवाढीला झालेला विरोध न्याय्यच होता.

तिसरा आक्षेप हिशेबनीसांचा. लोकांनी पाणी वाचवले तर विक्री घटेल, आणि पगार, कर्जाचा हप्ता, वाहिन्यांची देखभाल हा बहुतेक खर्च तर तसाच राहील. मग काटकसर करणाऱ्या शहरालाच तूट येणार नाही का? येईल, जर सारा खर्च केवळ लिटरच्या दरावर टांगला तर. म्हणून बिलाचे दोन भाग असावे लागतात. एक लहान स्थिर आकार, जो यंत्रणा चालू ठेवण्याचा. आणि दुसरा वापराचा आकार, जो पाण्याची किंमत सांगणारा. शिवाय वाचलेल्या पाण्याचा फायदा केवळ यंदाच्या वीजबिलात शोधू नये. त्याच पाण्यावर शहराची पुढची वाढ भागते आणि कोट्यवधींची वाढीव योजना काही वर्षे पुढे जाते. शुल्कावर जगणाऱ्या संस्थेला हे टाळलेले बांधकाम उत्पन्न म्हणून दिसत नव्हते. शहराच्या दृष्टीने मात्र ती सर्वांत मोठी बचत आहे.

शेवटचा आक्षेप दुष्काळी भागातून येतो आणि तो सर्वांत कडवट आहे. शहराला बादली-बादलीचा हिशेब सांगता, पण त्याच धरणाखाली उसाला पाणी मुबलक कसे? लातूरने हा प्रश्न अनुभवला. धनेगावचे मांजरा धरण आटल्यावर २०१६च्या उन्हाळ्यात तिथे पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी पोहोचली. पुढे एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. २०११च्या जनगणनेतल्या ३ लाख ८२ हजार लोकसंख्येला वाटले तर माणशी साडेसहा लिटर. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटल्याने यवतमाळची पाळी आली, आणि ते तर प्राधिकरण स्वतः चालवत असलेले शहर. तेव्हा मीटर लावले की पाऊस पडतो, असा दावा कुणी करू नये. नदीखोऱ्यातील पाणी कुणाला किती, हा निर्णय नगरपालिकेच्या हातात नाही. त्यासाठी २००५च्या कायद्याने नेमलेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे आणि तिथे शहरांनी आपला हक्क ठामपणे मागितला पाहिजे. पण तो मागताना हातात आकडे लागतात. आपण किती पाणी उचलतो, किती घरांत पोहोचते, किती गळते हे ज्या शहराला सांगता येते, त्याच्या मागणीला वजन असते. ज्याला सांगता येत नाही, त्याचा अर्ज शेतकऱ्याच्या पाण्यावर आणखी एक डल्ला म्हणूनच वाचला जातो.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या संस्थेचा ताळेबंद असा मांडावा लागतो. तिने महाराष्ट्राच्या लहान शहरांत पाणी आणले, ही तिची कमाई. ते पाणी कसे टिकवायचे हे तिला बांधकामाच्या शुल्काने शिकवले नाही. ज्या थोड्या शहरांत तिने स्वतः बिले फाडली, त्यांनी शिकवले. आज शहरी अभियानांतून पुन्हा मोठ्या निधीच्या योजना मंजूर होत आहेत, आणि जुनी सवय पुन्हा बळावण्याची भीती खरी आहे. म्हणून प्रत्येक नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात गळतीशोध, विभागनिहाय मीटर आणि पहिल्या पाच वर्षांची देखभाल ही शीर्षके जॅकवेल आणि टाकीच्या बरोबरीने असावीत, आणि जुन्या पाण्याचे लेखापरीक्षण झाल्याशिवाय वाढीव योजनेला तांत्रिक मान्यता देऊ नये. नगरसेवकांनी दरवाढ टाळणे हे लोकहित समजणे सोडावे. गरिबाचा टप्पा स्वस्त ठेवून वरच्या टप्प्यांचे दर दरवर्षी थोडे थोडे वाढवणे हेच लोकहित आहे. नागरिकांनीही आपल्या नगरपालिकेकडे नव्या धरणाची मागणी करण्याआधी एक कागद मागावा : गेल्या वर्षी उचललेले पाणी, बिल झालेले पाणी, आणि या दोहोंतला फरक.